निबंध सापडला, पण तो टिकतो का?

३१ जानेवारी २०२० रोजी बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर दिल्लीतल्या संशोधकांच्या एका गटाचा लेख प्रसिद्ध झाला. नव्या करोना विषाणूची बातमी जगाला कळून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. या विषाणूच्या स्पाइक प्रथिनातले चार छोटे तुकडे एचआयव्हीच्या प्रथिनांशी जुळतात आणि हे साम्य योगायोगाचं वाटत नाही, असा लेखाचा दावा होता. तो बघता बघता जगभर पसरला. विषाणू कुणीतरी प्रयोगशाळेत घडवला, असं आधीच म्हणणाऱ्यांच्या हाती आयता ‘शास्त्रीय पुरावा’ आला. देशोदेशीच्या जीवशास्त्रज्ञांनी त्यातल्या चुका लगोलग दाखवून दिल्या आणि दोन दिवसांत लेखकांनी लेख मागे घेतला.

त्यातली मुख्य चूक कागद-पेन्सिल घेऊन तपासता येते. त्या चारांतले काही तुकडे अवघ्या सहा अमिनो आम्लांचे होते. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यामुळे सहा आम्लांच्या वेगवेगळ्या साखळ्या होतात वीसचा सहावा घात, म्हणजे ६ कोटी ४० लाख. आकडा मोठा वाटतो. पण प्रथिनांच्या एखाद्या संग्रहात मिळून एक हजार कोटी अमिनो आम्लं आहेत असं धरलं, तर कोणतीही सहा आम्लांची साखळी निव्वळ योगायोगानं त्यात दीडशेच्या आसपास वेळा सापडेल. तशी ती सापडतच होती. एचआयव्हीत, जिवाणूंत आणि इतर कितीतरी जीवांत. शिवाय त्या तुकड्यांपैकी बहुतेक वटवाघळात आढळलेल्या, या विषाणूच्या जवळच्या नातेवाईक विषाणूतही होते. मग माणसानं ते मुद्दाम घातले असं म्हणायला आधारच उरत नव्हता.

या सगळ्यात वापरलेली एकही जागा बनावट नव्हती. बायोआर्काइव्ह हे न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेनं २०१३ साली सुरू केलेलं नावाजलेलं संकेतस्थळ आहे. प्रथिनांचे सार्वजनिक संग्रह जगभरच्या प्रयोगशाळा रोज वापरतात. अशा तुलनांसाठीचं ब्लास्ट हे साधन १९९० पासून वापरात आहे आणि ते प्रत्येक जुळणीपुढे एक ‘ई’ मूल्य छापतं: एवढ्या मोठ्या संग्रहात इतकी चांगली जुळणी केवळ योगायोगानं किती वेळा मिळेल, याचा अंदाज. हे मूल्य शून्याच्या जितकं जवळ, तितकी जुळणी दखल घेण्याजोगी. त्या लेखातल्या जुळण्या या कसोटीवर उभ्या राहणाऱ्या नव्हत्या.

जीवशास्त्रासाठी भरवशाची वेबसाइट कोणती, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. या प्रश्नाला एका नावाचं उत्तर देता येत नाही. प्रत्येक जागा एका ठरावीक गोष्टीची हमी देते आणि बाकीची जबाबदारी वाचणाऱ्यावर सोडते. कोणती जागा कशाची हमी देते, एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं. बायोआर्काइव्हवरचे लेख प्रीप्रिंट असतात. ते शास्त्रीय स्वरूपाचे आहेत ना, उचललेले नाहीत ना, धोकादायक नाहीत ना, एवढीच चाळणी तिथं लागते. दुसऱ्या तज्ज्ञांनी ते तपासलेले नसतात. तसं तिथं स्पष्ट लिहिलेलंही असतं. ते वाचायचं राहून जातं ते आपल्याकडून.

पबमेडबद्दलही असाच गैरसमज आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही शोधसेवा १९९७ पासून सर्वांना मोफत आहे आणि तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक निबंधांच्या नोंदी आहेत. ‘पबमेडवर आहे’ म्हणजे निबंधाची तपासणी झाली, असं अनेकांना वाटतं. पबमेडमधला मोठा भाग मेडलाइनचा. तिथं कोणती जर्नलं घ्यायची हे तज्ज्ञांच्या शिफारशीनं ठरतं. पण त्याखेरीज पबमेड सेंट्रल या मोफत संग्रहात जमा झालेले लेखही पबमेडच्या शोधात येतात आणि काही प्रीप्रिंटसुद्धा येतात. पबमेड निबंध कुठे आहे ते सांगतं. तो कितपत खरा, हे ठरवणं त्याच्या कामात बसत नाही. मात्र त्याच्या एका सोयीचा आपल्याकडे फार कमी वापर होतो. मेडलाइनमधल्या निबंधांना ‘मेश’ नावाच्या शब्दकोशातले ठरावीक विषयशब्द जोडलेले असतात. एका लेखकानं हृदयविकाराचा झटका म्हटलं आणि दुसऱ्यानं त्याचं वैद्यकीय नाव वापरलं, तरी दोन्ही निबंध एकाच विषयशब्दाखाली मिळतात. शोधाच्या चौकटीत मनाला येईल ते टाइप करण्यापेक्षा आधी योग्य मेश शब्द शोधणं केव्हाही चांगलं.

वनस्पती आणि प्राण्यांच्या बाबतीत नावाचा घोळ याहून मोठा असतो. आपली साधी बाभूळ घ्या. तिच्या डिंकावर, सालीवर, शेंगांवर गेल्या शतकभरात भरपूर काम झालं आहे. जुन्या औषधी ग्रंथांत आणि निबंधांत ती अकेशिया अरेबिका या नावानं आहे. पुढचं बरंचसं साहित्य, वनविभागाच्या याद्यांसह, तिला अकेशिया निलोटिका म्हणतं. आणि आज क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या यादीत तिचं मान्य नाव आहे वाचेलिया निलोटिका. अकेशिया हा पूर्वीचा अवाढव्य गट प्रत्यक्षात अनेक वेगळ्या वंशांचा आहे, हे कळल्यावर मूळ नाव कुणाकडे ठेवायचं असा वाद झाला. ते ऑस्ट्रेलियातल्या बहुसंख्य जातींकडे राहील, असा निर्णय २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि २०११ साली मेलबर्नला तो कायम राहिला. आपल्या बाभळीला वेगळं नाव घ्यावं लागलं. खैराचंही तेच झालं. अकेशिया कॅटेचू आता सेनेगेलिया कॅटेचू आहे. केवळ नवं नाव टाकून शोधणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयावर फारसं काम झालेलं नाही असं वाटेल आणि तो तेच आपल्या प्रबंधात लिहीलही.

म्हणून शोधाची पहिली पायरी नावाची. वनस्पतींसाठी क्यूची यादी, बेडकांसाठी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची उभयचरांची यादी, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी रेप्टाइल डेटाबेस. या याद्या मान्य नावाखाली जुनी नावंही देतात. ती सगळी लिहून घ्यायची आणि प्रत्येक नावानं शोध घ्यायचा. जुन्या नावांचा माग काढत गेलं की बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीपाशी पोचता येतं. तिथं ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे खंड आहेत, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे जुने अंक आहेत, सगळे पानन् पान वाचता येण्याजोगे आणि मोफत. सह्याद्रीतल्या एखाद्या जातीचं मूळ वर्णन शंभर वर्षांपूर्वीच्या पानावर, त्या काळच्या चित्रासह उघडतं, तेव्हा पुढच्या सगळ्या लेखांनी त्यातलं काय उचललं आणि काय गाळलं हे दिसू लागतं.

आता डेटाबेसकडे वळू. जनुकीय क्रमांचा सर्वांत परिचित संग्रह म्हणजे १९८२ साली सुरू झालेली जेनबँक. युरोप आणि जपानमधल्या जोडीदार संग्रहांशी तिची रोज देवाणघेवाण चालते. जेनबँकेत क्रम जमा करणारा संशोधक त्या नोंदीचा धनी असतो. नोंद त्यानं म्हटलं तशी राहते आणि दुरुस्तीही त्यानंच करायची असते. जातीची ओळख मुळात चुकली असेल, तर ती चूक वर्षानुवर्षं तशीच बसून राहते. बुरशीच्या क्रमांमध्ये अशा चुकांचं प्रमाण मोठं असल्याचं संशोधकांनी वेळोवेळी दाखवलं आहे. जेनबँक हमी देते ती एवढीच, की हा क्रम या व्यक्तीनं या तारखेला दिला.

याचं एक बोलकं उदाहरण करोनाचंच आहे. वुहानमधल्या रुग्णापासून मिळालेल्या विषाणूचा पहिला प्रसिद्ध जनुकीय क्रम जेनबँकेत एमएन९०८९४७ या क्रमांकानं आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ३०,४७३ अक्षरं होती. शेवटाला जवळजवळ सहाशे अक्षरांचा मानवी डीएनएचा तुकडा चुकून चिकटलेला होता. तो काढून, टोकं दुरुस्त करून तिसरी आवृत्ती आली, ती २९,९०३ अक्षरांची. आज जग हीच आवृत्ती वापरतं. क्रमांकानंतरच्या टिंबापुढचा आकडा, म्हणजे ‘.१’ किंवा ‘.३’, ही आवृत्तीची खूण. प्रबंधात नुसता क्रमांक लिहून टिंबापुढचं गाळणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांनी नेमकं काय वापरलं, हे मग कुणालाच कळत नाही. याच क्रमाची दुसरी नोंद एनसी_०४५५१२.२ अशी आहे. मधली खालची रेघ सांगते की ही रेफसेक या वेगळ्या, देखरेखीखालच्या संग्रहातली नोंद आहे. जिथं दोन्ही उपलब्ध असतील तिथं रेफसेकपासून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

प्रथिनांसाठीच्या युनिप्रॉटमध्ये हा फरक अधिक ठळकपणे दाखवलेला आहे. त्यातला स्विस-प्रॉट हा भाग माणसांनी निबंध वाचून, पुरावे जोडून तयार केलेला. नोंदी सुमारे पावणेसहा लाख. दुसरा ट्रेम्बल हा भाग संगणकानं आपोआप भरलेला आणि त्याच्या नोंदी कोटींच्या घरात. शोधल्यावर समोर येणारी यादी दोन्हींची मिसळ असते. ‘या प्रथिनाचं कार्य अमुक आहे’ असं ट्रेम्बलमध्ये लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा इतकाच, की दुसऱ्या एका जीवातल्या सारख्या दिसणाऱ्या प्रथिनाचं ते कार्य आहे. प्रत्येक विधानाशेजारी पुराव्याचा प्रकार दिलेला असतो. तो न उघडता विधान उचलू नये.

संग्रहातून तक्ता उतरवून घेतल्यानंतरही धोका संपत नाही. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलून टाकतं. ‘सेप्ट२’ या जनुकाची होते २ सप्टेंबर, ‘मार्च१’ची १ मार्च. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या निबंधांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या होत्या त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली. सेप्ट२ झालं सेप्टिन२. जुन्या याद्यांत मात्र त्या तारखा अजून आहेत.

निसर्गनोंदींचे संग्रह आपल्या वाचकांना अधिक जवळचे. आयनॅचरलिस्टवर फोटो टाकणारे मराठी निसर्गप्रेमी आता गावोगावी आहेत. त्यांच्या ‘रिसर्च ग्रेड’ नोंदी, ई-बर्डच्या याद्या आणि संग्रहालयांतले नमुने हे सगळं कोपनहेगनच्या जीबिफ या जागतिक संग्रहात एकत्र होतं. नोंदी दोनशे कोटींवर गेल्या आहेत. रिसर्च ग्रेड हे नाव भारदस्त आहे, पण त्यासाठी ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक लोकांचं एकमत पुरतं, आणि किमान दोघं जण असले तरी चालतात. ठसठशीत फुलपाखरांत ही ओळख बहुधा बरोबर असते. कोळी, गवतं किंवा छोटे बेडूक यांत फोटोवरून जात ठरवणं अनेकदा तज्ज्ञालाही जमत नाही, तिथं दोन नवख्यांचं एकमत काय कामाचं? अशा गटांत संग्रहालयातल्या जपलेल्या नमुन्यावर आधारलेली नोंद वेगळी काढून वापरावी. जीबिफ प्रत्येक नोंद नमुन्याची आहे की निरीक्षणाची, हे सांगतं.

ठिकाणाच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. धोक्यातल्या प्राण्यांचा ठावठिकाणा शिकाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून आयनॅचरलिस्ट तो मुद्दाम झाकतं आणि सुमारे वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठंतरी ठिपका दाखवतं. कोकणातल्या खवले मांजराचा नकाशावरचा ठिपका म्हणूनच समुद्रातही पडू शकतो. तो घेऊन कुणी अधिवासाचा अभ्यास केला, तर उंची, पाऊस, जंगलाचा प्रकार, सगळंच चुकेल. स्थानाची अनिश्चितता किती मीटरची, हा रकाना आधी पाहायचा. आणि जिथं ठिपका नाही तिथं प्राणी नाही, असंही समजायचं नाही. मुंबई-पुण्याजवळच्या घाटांत ठिपक्यांची दाटी असते, कारण तिथं कॅमेरे घेऊन जाणारी माणसं जास्त आहेत.

जर्नलांचा प्रश्न याहून कडू आहे. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकारानं ‘सायन्स’साठी एक प्रयोग केला. दगडफुलातल्या एका रेणूमुळे कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा ढोबळ चुकांनी भरलेला बनावट निबंध त्यानं अस्तित्वातच नसलेल्या संस्थांच्या नावे ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. आपल्याकडची स्थिती पुण्यातूनच उघड झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून आलेल्या जर्नलांतून तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगानं चार हजारांवर जर्नलं वगळली, पुढं ‘केअर’ यादी आली आणि २०२५ साली तीही बंद झाली. यादी सरकारी असली म्हणून डोळे मिटून चालता येत नाही, हा यातून घ्यायचा बोध आहे. बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जात राहील तोवर पैसे घेऊन काहीही छापणारे राहतीलच, आणि त्यांनी छापलेलं शोधात चांगल्या निबंधांच्या शेजारीच येत राहील. संपादक मंडळातली नावं खरी आहेत का, जर्नल मुक्त प्रवेशाचं असेल तर डीओएजे या निर्देशिकेत आहे का, आधीचे अंक वाचण्याजोगे आहेत का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. तो द्यावाच.

नामांकित जर्नल असलं तरी निबंध पुढे टिकला का, हे वेगळं पाहावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू आपल्या डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा निबंध ‘सायन्स’नं २०१० साली ऑनलाइन प्रसिद्ध केला. जीवसृष्टीचा पायाच बदलावा असा हा दावा होता. २०१२ साली त्याच ‘सायन्स’मध्ये दोन निबंध आले आणि दोन्हींनी दाखवलं की जिवाणूला फॉस्फरस लागतोच, डीएनएत आर्सेनिक बसल्याचा पुरावा मिळत नाही. तरीही मूळ निबंध मागे घेतला गेला तो थेट जुलै २०२५ मध्ये, आणि लेखकांना तो निर्णय मान्य नव्हता. मधल्या तेरा वर्षांत तो उघडणाऱ्याला ‘मागे घेतला’ असा शिक्का दिसला नसता. नंतर कुणी त्याचा हवाला देऊन काय म्हटलं, हे वाचणाऱ्यालाच खरी परिस्थिती कळली असती. गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधला वेकफिल्डचा निबंध १९९८चा, अवघ्या बारा मुलांवरचा, तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं. मागे घेतलेल्या निबंधांचा रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह आता क्रॉसरेफमार्फत सर्वांना खुला आहे, आणि पबपिअरवर निबंधांतल्या संशयास्पद चित्रांची, आकड्यांची चर्चा सापडते. कोणत्याही महत्त्वाच्या निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, या दोन्हींकडे टाकून पाहावा, आणि ‘याचा हवाला देणारे निबंध’ ही यादी उघडून निदान विरोधातले दोन-तीन वाचावेत.

चॅटबॉटला संदर्भ विचारणाऱ्यांसाठी डीओआय तपासणं सक्तीचं समजावं. नाव खरं वाटतं, जर्नल खरं असतं, वर्षही जुळतं आणि असा निबंध मुळात नसतोच. यंत्राच्या चुकीतून आलेला मजकूर किती खोल झिरपतो, याची एक खूण अलीकडे पकडली गेली. १९५९ सालच्या एका निबंधाच्या पानावर डाव्या स्तंभात ‘व्हेजिटेटिव्ह’ हा शब्द आणि त्याच ओळीला उजव्या स्तंभात ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ असे शब्द होते. पान स्कॅन करताना यंत्रानं दोन स्तंभ सलग वाचले. ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ असं कोणतंही तंत्र नाही, पण ते आता अनेक निबंधांत वापरलेलं आढळतं. त्या निबंधांच्या लेखकांनी काय वाचलं असेल, याची कल्पना करा.

पैशांअभावी मूळ निबंध वाचता येत नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली जानेवारी २०२५ पासून देशातल्या ६,३००हून अधिक सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नलं खुली झाली आहेत. ज्यांचं महाविद्यालय यात बसत नाही त्यांच्यासाठी पबमेड सेंट्रल आणि युरोप पीएमसी आहेत, भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा आहे. आणि लेखकाला दोन ओळींचा ईमेल पाठवला, तर तो बहुधा आनंदानं प्रत पाठवतो. विषयाची पहिली ओळख मराठीत करून घ्यायची असेल, तर मराठी विश्वकोशातल्या जीवशास्त्राच्या नोंदी ऑनलाइन आहेत. नोंदीचं साल पाहून वाचाव्यात.

हे सगळे संग्रह लोकांनी भरलेले आहेत आणि लोकांनीच ते सुधारायचे आहेत. आपल्या घाटातल्या बेडकाची ओळख आयनॅचरलिस्टवर चुकलेली दिसली, तर योग्य नाव सुचवा आणि कारण लिहा. जेनबँकेतला क्रम भलत्याच जातीचा निघाला, तर तो जमा करणाऱ्याला आणि जेनबँकेलाही कळवा. जीबिफवरून नोंदी उतरवल्यात, तर त्या उताऱ्याला मिळालेला डीओआय प्रबंधात छापा, म्हणजे तुमच्यामागून येणाऱ्याला तुम्ही वापरलेल्या नेमक्या त्याच नोंदी उघडता येतील.